वरचे तीस हजार कशाचे?

परवा आमच्या चर्चच्या मंडळीत उपासना संपल्यावर चहाच्या वेळी एका ताईंनी मला गाठलं. त्यांचा मुलगा आता ट्वेल्थला आहे. म्हणाल्या, तुम्ही पोरीला ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत घातलं ना, मग परवडतं का हो ते? मी तोंड उघडलं आणि वीस मिनिटं बोलतच राहिले, चहा गार झाला, ताईंच्या चेहऱ्यावरून कळलं की काहीच डोक्यात शिरलेलं नाही. म्हणून घरी येऊन आमची जुनी एक्सेल शीट उघडली आणि आता सगळं लिहूनच काढते.

आधी आमची गोष्ट. आम्ही मूळचे नगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं पण तोंडात नगरच येतं. शिकागोच्या पश्चिमेला ड्युपेज काउंटीत राहायला आता बरीच वर्षं झाली. हे सॉफ्टवेअरमध्ये, मी एका हॉस्पिटलच्या बिलिंगला. उत्पन्न म्हणाल तर अगदी मधलं, म्हणजे सरकारची पेल ग्रँट मिळायला जास्त आणि कॉलेजचा चेक हसत हसत फाडायला कमी. थोरला तेव्हा राज्याच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला होता. लेकीला नर्सिंगच करायचं होतं, त्यात दुसरं काही नव्हतंच, कारण माझी आई मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात शिकलेली सिस्टर आणि पोरगी लहानपणापासून आजीचे वॉर्डातले किस्से ऐकत मोठी झालेली.

ख्रिश्चन कॉलेज हा हट्ट ह्यांचा. ह्यांचं म्हणणं, आपल्या पणज्यांना अक्षरओळख करून देणारी माणसं असल्याच कॉलेजांतून आली होती. ते खरंही आहे, अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरला तो विल्यम्स कॉलेजचा पोरगा. पण मी जरा खोलात जाऊन वाचलं तर ते विल्यम्स आता ख्रिश्चन कॉलेज राहिलेलंच नाही, साधं सेक्युलर महागडं कॉलेज आहे. ह्यांना सांगितलं तर गप्प बसले. तिथून माझं सुरू झालं की बाबा, नुसत्या पाटीवर जाऊन चालणार नाही, पाटीखाली काय आहे ते बघितलं पाहिजे.

आणि पाटीखाली काय काय निघतं! बाहेरून सगळी 'ख्रिश्चन युनिव्हर्सिटी'च, पण आतून एकमेकांशी काही घेणंदेणं नाही. आमच्या घराजवळ व्हीटन कॉलेज, १८६० चं, ते प्रसिद्ध प्रचारक बिली ग्रॅहम तिथले, विद्यार्थ्यांना वागणुकीचा करार सही करून द्यावा लागतो, आणि २००३ पर्यंत तिथं पोरापोरींना नाचायलाही बंदी होती (हे ऐकून लेक इतकी हसली की तिचं ते कॉलेज तिथंच बाद झालं). शिकागोत लोयोला, ते कॅथलिकांतल्या जेझुइट संघाचं, १८७० चं, म्हणजे मुंबईच्या झेवियर्सपेक्षा एका वर्षानं धाकटं भावंड, तिथं हिंदू मुसलमान ज्यू सगळी पोरं असतात आणि कुणाला चर्चला जायची सक्ती नाही. डीपॉल कॅथलिकच पण जेझुइट नाही, व्हिन्सेंशियन संघाचं. मिशिगनला कॅल्विन, ते डच रिफॉर्म्ड लोकांचं. इंडियानात वॅल्परायझो, लुथरन. युटातलं ब्रिगहॅम यंग मॉर्मन लोकांचं, तिथं तर फीचे दोन दर, त्यांच्या चर्चच्या पोरांना एक आणि बाहेरच्यांना बरोब्बर दुप्पट, आणि गंमत म्हणजे ती दुप्पट फीसुद्धा बाकीच्या बऱ्याच खाजगी कॉलेजांच्या निम्मी नाही, कारण चर्च स्वतःच्या पैशातून खर्च उचलतं.

ह्यातलं सगळ्यात मला आवडलेलं म्हणजे केंटकीचं बेरिया कॉलेज. गुलामगिरीच्या विरोधातल्या लोकांनी १८५५ ला काढलेलं, आणि १८९२ पासून तिथं ट्यूशन फीच घेत नाहीत. शून्य. बदल्यात प्रत्येक पोरानं आठवड्याला निदान दहा तास कॉलेजात काम करायचं, झाडू मारण्यापासून ऑफिसपर्यंत काहीही. मिसुरीत कॉलेज ऑफ द ओझार्क्स आहे, तेही तसंच, तिथं पंधरा तास. वाचून मला आपल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची आठवण झाली, तिथंही मिशनवाल्यांच्या शिफारशीनं जाणाऱ्या पोरांना फी नावालाच, पण नंतर दोन वर्षं मिशन हॉस्पिटलात सेवा द्यायची. म्हणजे ख्रिश्चन शिक्षण म्हणजे महागच असं काही देवानं लिहून ठेवलेलं नाही. पण बेरिया गरीब घरातल्या पोरांसाठी आहे, आमचं उत्पन्न त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. बरंच झालं म्हणायचं का वाईट झालं म्हणायचं तेच कळेना.

आता पैशावर येते. पहिली गोष्ट जी कुणीतरी मला दोन वर्षं आधी सांगायला पाहिजे होती ती ही की वेबसाइटवरची छापील फी कुणीच भरत नाही, निदान आपल्यासारखे तरी नाही. आपल्याकडे साडीच्या दुकानात आधी चार हजाराची चिठ्ठी लावतात आणि मग 'ताई तुमच्यासाठी पन्नास टक्के' म्हणतात ना, डिट्टो तसंच. इथल्या कॉलेजांच्या बिझनेस ऑफिसरांची नॅकुबो म्हणून संघटना आहे, तिच्या खाजगी कॉलेजांच्या २०२३-२४ च्या पाहणीत नवीन पोरांना मिळालेली सरासरी सूट निघाली ५६ टक्के. सरासरी! म्हणजे पत्रात 'आम्हाला कळवायला अत्यंत आनंद होतो की तुमच्या मुलीला प्रेसिडेंट्स स्कॉलरशिप' वगैरे येतं तेव्हा गावभर पेढे वाटायची गरज नसते, बहुतेक सगळ्यांनाच कसली ना कसली स्कॉलरशिप लागलेली असते. आम्ही पहिल्या पत्राला वाटले. पेढे नाही, केक, पण वाटला.

काही कॉलेजांनी हे नाटक बंद करून छापील फीच खाली आणली. न्यूयॉर्कच्या हॉटननं २०२१ मध्ये ती निम्म्याहून कमी केली. आमच्याच बाजूला पालोस हाइट्सचं ट्रिनिटी ख्रिश्चन कॉलेज, त्यांनी २०२३ ला फी चाळीस टक्क्यांनी उतरवून वीस हजार डॉलरच्या आत आणली, शिवाय बुधवारी क्लासच ठेवायचे नाहीत म्हणजे पोरांना नोकरी करता येते. मला ते फार पटलं होतं आणि नर्सिंगही होतं तिथं. त्याचं पुढं काय झालं ते खाली सांगते.

छापील फीच्या जागी खरी फी कळावी म्हणून प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून कायद्यानं ठेवावाच लागतो. उत्पन्न, मार्क, घरात माणसं किती, असं भरलं की अंदाज देतो. मी एका रविवारी बसून अकरा कॉलेजांचे भरले. पण सगळे सारखे नसतात, काहींत चार प्रश्न विचारून मोकळे होतात आणि मागच्या वर्षीचे दर लावतात, काहींत तुमच्या घराची किंमत, बचत, सगळं खोदून विचारतात. जेवढे प्रश्न जास्त तेवढं उत्तर खऱ्याच्या जवळ, असा माझा अनुभव. काही कॉलेजं सीएसएस प्रोफाइल म्हणून वेगळा फॉर्म मागतात, त्याला पहिल्याला पंचवीस डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला सोळा, आणि त्यात राहतं घर किती फिटलंय तेही धरतात. इंडियानातलं नोट्र डेम हे कॅथलिक विद्यापीठ त्यातलं. तिथली ट्यूशनच साठ हजारांच्या वर, पण घरची गरज निघेल तेवढी पूर्ण भरून देतात. प्रश्न एवढाच की गरज किती हे ते ठरवतात, आपण नाही.

मग आला फॅफ्सा. ज्यांची पोरं २०२४ ला कॉलेजात गेली त्यांना नुसता शब्द काढला तरी घाम फुटेल. सरकारी मदतीचा हा फॉर्म दरवर्षी ऑक्टोबरच्या एक तारखेला उघडायचा. त्या वर्षी नवा सोपा फॉर्म करायला घेतला आणि तो उघडला डिसेंबरच्या ३० ला, तोही मधूनमधून. आमच्याकडे ३१ ला रात्री वर्षअखेरची उपासना असते, सगळे तयार होऊन बसलेले, आणि हे कोट घालून लॅपटॉपसमोर. साइट उघडायची, दोन पानं भरेपर्यंत बंद. पाळकसाहेबांचा फोन आला, निघालात का, तर हे म्हणे निघालोच, फक्त हिचा आयडी व्हेरिफाय होतोय. त्या रात्री झाला नाहीच. जानेवारीत तीन संध्याकाळी घालवून फॉर्म गेला. आणि तो गेला म्हणजे कॉलेजला पोचला असं नाही, कॉलेजांकडे माहिती पोचायला सुरुवातच मार्चच्या मध्यात झाली. एरवी एक मेपर्यंत निर्णय द्यायचा असतो, त्या वर्षी बऱ्याच कॉलेजांनी पंधरा मे, कुणी एक जून असं पुढं ढकललं. आमच्या हातात शेवटचं पत्र आलं २६ एप्रिलला.

त्या नव्या फॉर्मनं आमचं एक नुकसानही केलं. आधी घरातली दोन पोरं एकदम कॉलेजात असली की आईबापांचा वाटा दोघांत विभागून धरायचे. नव्या हिशेबात ते काढून टाकलं. म्हणजे थोरल्याच्या वेळी आम्ही 'दोन वर्षांनी दोघं असतील तेव्हा मदत वाढेल' असं म्हणत जो धीर धरला होता तो सगळा पाण्यात. कुणावर चिडायचं तेही कळेना.

पत्रं आली चार. कुणाची ते सांगत नाही, कारण आमचे आकडे आमच्यापुरतेच होते, तुम्हाला दुसरेच मिळतील.

पहिलं लांबच्या राज्यातल्या एका नावाजलेल्या इव्हँजेलिकल कॉलेजचं. ह्यांनी पत्र उघडलं आणि ओरडले, अगं फक्त दोन हजार! मी म्हटलं, दाखवा. सगळा खर्च ५८,०००. त्याखाली एकाखाली एक: स्कॉलरशिप २२,०००, मुलीचं सरकारी लोन ५,५००, वर्क-स्टडी २,५००, आणि पॅरेंट प्लस २६,०००. बेरीज ५६,०००. उरले दोन हजार. आता हे पॅरेंट प्लस म्हणजे काय, तर आईबापांनी काढायचं कर्ज! आम्हीच काढायचं, आम्हीच फेडायचं, आणि ते आम्हाला 'मिळालेल्या' रकमेत लिहिलेलं. वर्क-स्टडी म्हणजे पोरीनं काम करून मिळवायचे पैसे, तेही आधीच वजा. खरी फी ३६,०००. नंतर वाचलं की सरकारच्याच ऑडिट खात्यानं २०२२ च्या अहवालात म्हटलंय, ९१ टक्के कॉलेजं पत्रात खरी निव्वळ किंमत एक तर देतच नाहीत किंवा कमी करून दाखवतात. मग बरं वाटलं, म्हणजे आम्हीच येडे नव्हतो.

प्लस लोनचंही सांगून ठेवते. २०२४-२५ ला त्याचा व्याजदर होता ९.०८ टक्के, वर ४.२२८ टक्के फी आधीच कापून घेतात. एकाच वर्षासाठी वीस हजार काढले तर दहा वर्षं महिन्याला अडीचशेच्या वर हप्ता, एकूण तीस हजारांच्या वर फेडायचे. हे एका वर्षाचं, अशी चार वर्षं. आता २०२६ च्या जुलैपासून नवीन लोकांना त्यावर मर्यादा येतेय, वर्षाला वीस हजार आणि एका पोरामागे एकूण पासष्ट हजार. ताईंच्या मुलाला ती लागू होईल, आणि माझ्या मते चांगलंच आहे. आम्ही त्या रात्रीच ठरवलं, प्लस लोन एक डॉलर काढायचं नाही. मुलीचं स्वतःचं सरकारी लोन चालेल, ते चार वर्षांत मिळून २७,००० च्या वर जातच नाही.

दुसरं पत्र शहरातल्या एका कॅथलिक विद्यापीठाचं. खर्च ६८,०००, स्कॉलरशिप २८,०००, भरायचे ४०,०००. तिसरं एका लहान प्रॉटेस्टंट विद्यापीठाचं, दोन तासांच्या रस्त्यावर: खर्च ५०,०००, स्कॉलरशिप २३,०००, भरायचे २७,०००. चौथं राज्याच्या विद्यापीठाचं, घरून ट्रेननं जाऊन येऊन, सगळं धरून वर्षाला १८,०००.

हे चार आकडे लिहून आम्ही झोपलो. सकाळी थोरला घरी आला होता, कॉर्नफ्लेक्स खात खात शीट बघितली आणि म्हणाला, मम्मी, हे फक्त पहिल्या वर्षाचं आहे. पोरगा अकाउंटिंग शिकतो, त्याचे पैसे त्या एका वाक्यात वसूल झाले. कारण असं आहे बघा, फी दरवर्षी वाढते पण स्कॉलरशिप वाढत नाही, ती चारही वर्षं तेवढीच राहते. म्हणजे वाढ सगळी आपल्या अंगावर. तिसऱ्या कॉलेजचंच घ्या, चार टक्के वाढ धरली तर ५०,००० चे ५२,०००, मग ५४,०८०, मग ५६,२४३. त्यातून दरवर्षी २३,००० वजा. आम्ही २७ चोक १०८ हजार धरलेले, ते निघाले १,२०,३२३. बारा हजारांचा फरक नुसत्या एका ओळीत लपलेला. कॅथलिकवाल्यांचं चार वर्षांचं पावणेदोन लाखांच्या पुढं गेलं, शीट बंद करून मी चहा टाकला. आणि स्कॉलरशिपच्या खाली बारीक अक्षरात असतं की अमुक जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, राहिला तरच. नर्सिंगमध्ये ॲनाटॉमीला भल्याभल्यांचा जीपीए घसरतो, म्हणून किती लागतो ते आधी विचारा. एका ठिकाणी ३.५ होता, दुसऱ्या ठिकाणी २.५. ह्या एका आकड्यात हजारो डॉलर अडकलेले असतात.

आमच्या हिशेबात न बसणारी अजून एक भीती होती. कॉलेज चार वर्षं टिकेल का? हसू नका. २०२३ ला आयोवा वेस्लेयन बंद पडलं, १८४२ पासूनचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कचं अलायन्स बंद झालं, डीअरफील्डच्या ट्रिनिटी इंटरनॅशनलनं बॅचलर्सचे वर्ग कॅम्पसवरून ऑनलाइन नेले. २०२४ च्या मेमध्ये आमच्याच राज्यातलं लिंकन ख्रिश्चन बंद. मुलं कमी झाली, सूट देऊन देऊन हातात पैसा राहत नाही, लहान कॉलेजांना दम धरवत नाही. वॅल्परायझोनं तर हॉस्टेल दुरुस्त करायला म्युझियममधलं जॉर्जिया ओकीफचं पेंटिंग विकायला काढलं, त्यावर कोर्टापर्यंत गेलं. मी नगरची आहे, मिशनच्या जागा आणि मिशनच्या इमारतींचं काय होतं ते लहानपणापासून बघितलंय, त्यामुळं मला हे नवीन नव्हतं.

म्हणून मी दोन गोष्टी बघायला लागले. सरकारचं शिक्षण खातं प्रत्येक खाजगी कॉलेजला आर्थिक तब्येतीचे मार्क देतं, उणे एक ते तीन, दीडच्या वर असलं की ठीक. आणि धर्मादाय संस्थांचा नऊशेनव्वद नंबरचा टॅक्स फॉर्म कुणालाही बघता येतो, त्यात दरवर्षी जमा किती खर्च किती दिसतं. मला सगळं कळतं असं नाही, पण लागोपाठ तीन वर्षं तोटा दिसला की समजतं. ट्रिनिटी ख्रिश्चनवर माझं मन होतं पण आम्ही धजावलो नाही, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की २०२५-२६ हे शेवटचं वर्ष. आमच्या ओळखीतली एक मुलगी तिथं आहे, बिचारी आता शिकून झालेल्या विषयांची क्रेडिट कुठं कुठं धरतात ते विचारत फिरतेय. मला आनंद झाला नाही. चांगलं कॉलेज होतं आणि फी खरी सांगत होतं.

तर आता राहिले दोनच. लहान प्रॉटेस्टंट आणि राज्याचं. राज्याचं चार वर्षांचं दोन टक्के वाढ धरून साधारण ७४,०००. लहानचं १,२०,०००. लेकीला लहान आवडलेलं. आम्ही अपील केलं. हो, करता येतं, लाजायचं नाही. मला वाटायचं हे म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस, ख्रिस्ती संस्थेशी असं कसं बोलायचं, पण आमच्या पाळकसाहेबांनीच सांगितलं, मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल, आणि मिश्कील हसले. मी पत्र लिहिलं: दोन पोरं एकदम कॉलेजात, फॅफ्सानं ते धरलं नाही, सासूबाईंच्या ऑपरेशनचे पैसे नगरला पाठवले त्याच्या पावत्या जोडते, आणि राज्याच्या विद्यापीठाचा आकडा हा असा. रडगाणं नाही, आकडे आणि कागद. नऊ दिवसांनी उत्तर आलं, वर्षाला चार हजार वाढवले. शिवाय त्यांच्याकडे अशी सोय होती की तुमच्या चर्चनं काही दिलं तर कॉलेज तेवढंच घालतं, पण आमची मंडळी मराठी पन्नास घरांची, भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी, तिच्याकडे कुठले पैसे, ते आम्ही मागितलंच नाही.

१,२०,३२३ चे झाले १,०४,३२३. राज्याच्या विद्यापीठापेक्षा तीस हजार जास्त. आणि मग स्वयंपाकघरातल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: वरचे तीस हजार कशाचे?

हे म्हणाले, संस्कारांचे. मी म्हटलं, संस्कार तीस हजारांना मिळत असते तर तुमच्या भावाला आधी घेऊन दिले असते. लेक म्हणाली, वाइब्जचे. थोरला म्हणाला, कशाचेच नाहीत, नर्सला पगार देताना कॉलेज बघत नाहीत. आणि ते खरंच आहे, २०२३ च्या सरकारी आकड्यांत रजिस्टर्ड नर्सचा मधला पगार ८६,०७० होता, आणि माझ्या हॉस्पिटलात एकाच मजल्यावर दोन वर्षांच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजातून आलेली आणि नामांकित विद्यापीठातून आलेली नर्स शेजारी शेजारी तेवढ्याच दरानं काम करतात. म्हणजे पगारात तीस हजार परत येणार नव्हते.

मग कशात? इथं मदतीला आली माझी आई. वय ऐंशीच्या घरात, मिरजेला व्हिडिओ कॉलवर. कॉलेज बघायला गेलो तेव्हा लेकीनं तिला फोनवर धरलेलं आणि नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आम्हाला लॅब दाखवत होती. आईनं तिला तीनच प्रश्न विचारायला लावले. पहिला, तुझ्याबरोबर सुरू केलेल्या किती पोरी आता वर्गात आहेत? दुसरा, वॉर्डात एका शिक्षिकेमागं किती विद्यार्थिनी? तिसरा, चुकलीस तेव्हा शिक्षिका सगळ्यांसमोर ओरडली का बाजूला घेऊन बोलली? ती अमेरिकन पोरगी आधी गडबडली, मग खुलून बोलायला लागली. सुरुवातीला बेचाळीस होत्या, अडतीस आहेत. क्लिनिकलला सहा ते आठ जणींमागं एक. आणि तिसऱ्याला तिनं हसून सांगितलं की तिनं एकदा डोसचा हिशेब चुकवला होता, सरावाच्या पुतळ्यावरच, तेव्हा मॅडमनी तिला ऑफिसात बोलावून आधी पाणी दिलं. आई म्हणाली, बास.

त्या तीन प्रश्नांवरून आम्ही राज्याच्या विद्यापीठालाही फोन केला. तिथं नर्सिंगची जागा पहिल्या दिवसापासून मिळत नव्हती, दोन वर्षं प्री-नर्सिंग करायचं, मग मार्कांवर स्पर्धा, नाही लागली तर दुसरा विषय किंवा एक वर्ष थांबा. लहान विद्यापीठात जागा पहिल्यापासून पक्की, फक्त मार्क टिकवायचे. शीटमध्ये आता एक नवीन रकाना आला: पाचवं वर्ष लागलं तर. एक वर्ष जास्त म्हणजे १९,००० फी आणि वर नर्सचा एक वर्षाचा पगार गेला तो वेगळा. लगेच तीस हजार तेवढे मोठे दिसेनात. नर्सच्या लायसन्ससाठीच्या एनक्लेक्स परीक्षेत पहिल्या फटक्यात किती पास होतात ते राज्याचं लायसन्स खातं कॉलेजवार छापतं, ते बघितलं, दोन्हीकडे चांगलं होतं, तो मुद्दा बरोबरीत सुटला. शेवटी लेकीला लहान विद्यापीठातच घातलं.

आणि ख्रिश्चनपणाचं? खरं सांगते, ते मी शेवटपर्यंत रकान्यात घातलं नाही. आठवड्याला चॅपलची, म्हणजे कॉलेजातल्या उपासनेची, हजेरी लागते, लेक कुरकुर करते, फोन बघत बसते म्हणे. पण पहिल्या हिवाळ्यात तिला फ्लू झाला तेव्हा हॉस्टेलच्या पोरींनी पाळी लावून सूप आणून दिलं, आणि चॅपलच्या बाई दोनदा डोकावून गेल्या. राज्याच्या विद्यापीठातही पोरी सूप आणतात, थोरल्याला त्याच्या तमिळ रूममेटनं रसम करून घातलं होतं. एक मात्र सांगेन, काही कॉलेजांत प्राध्यापकांनाच नाही तर विद्यार्थ्यांनाही विश्वासाचं निवेदन सही करावं लागतं, ते आधी नीट वाचा, आपल्या पोराला ते झेपणार आहे का ते पोरालाच विचारा. पाळकसाहेबांना नाही, आजोबांना नाही.

ताईंच्या मुलाला कॉम्प्युटर सायन्स करायचंय. मी त्यांना सांगितलं, मग आमचं गणित तुमच्या कामाचं नाही, तिथं पहिल्यापासून पक्क्या जागेचा प्रश्नच वेगळा असतो, आपल्या इथल्या कम्युनिटी कॉलेजला, कॉलेज ऑफ ड्युपेजला, दोन वर्षं घाला, एका क्रेडिटला दीडशे डॉलरच्या आसपास पडतं, आणि मग कुठं जायचं ते बघा. त्यांचा चेहरा पडला. त्यांना व्हीटनचं नाव ऐकायचं होतं बहुतेक.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाचं बिल आलं. शीटमध्ये २५,००० लिहिलेले, बिल २५,३८५. मी आणि थोरला दोघं बसलो ते ३८५ शोधायला. वाढ बरोब्बर चार टक्के, स्कॉलरशिप बरोबर, मील प्लॅन बरोबर. शेवटी सापडलं, क्लिनिकलच्या युनिफॉर्मचे दोन जोड आणि स्टेथोस्कोपचा किट, ते आम्ही धरलेच नव्हते. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आमच्या वेळी ॲप्रन आमचा आम्हालाच शिवून आणावा लागायचा, आणि इस्त्री मोडलेली दिसली की मेट्रन परत पाठवायची.